एमएच ०९ ची एर्टिगा: ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल बदलायचं की नाही

२ फेब्रुवारी २०२५

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालं. क्लच दाबायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, खरं गाडी चालवणं सोडायचं बाबांच्या मनात नाही आणि त्यांनी सोडावं असं आम्हालाही वाटत नाही. खानापूर ते बेळगाव हा त्यांच्या पायाखालचा रस्ता. तेव्हा ऑटोमॅटिक घ्यायची ठरलीय, आणि ती जुनीच, कारण नवी झेपणारी नाही. कोल्हापूरच्या मामांनी एक गाडी सुचवलीय: २०१६ ची एर्टिगा, पेट्रोल, ऑटोमॅटिक, ७८ हजार किलोमीटर. मालक एकच, निवृत्त शिक्षक.

ही वही फक्त गिअरबॉक्ससाठी. ब्रेक, टायर, सस्पेन्शन यांचा अंदाज उद्यमबागेत कुणीही उभ्या उभ्या सांगतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल बदलायला पाहिजे का, असं विचारलं की मात्र प्रत्येकाचं उत्तर वेगळं. आणि या बाबतीत अंदाज हुकला तर खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो.

आधी हे पक्कं केलं की गिअरबॉक्स कुठल्या जातीचा आहे. ‘ऑटोमॅटिक’ म्हणून चार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर आली ती एएमटी, म्हणजे साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स. क्लच दाबून गिअर टाकायचं काम तेवढं यंत्र करतं. सीव्हीटीत दोन पुल्या आणि त्यांच्यामध्ये पोलादी पट्टा, त्याचं तेल अगदी वेगळं. ड्युअल क्लचवाल्या गाड्यांचं गणित आणखी निराळं. या एर्टिगात जुना, खात्रीचा टॉर्क कन्व्हर्टर आहे, चार गिअरचा. २०१५ च्या फेसलिफ्टबरोबर तो आला. एकाचा सल्ला दुसऱ्याला लावला की घोटाळा होतो, म्हणून ही नोंद पहिली.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेल नुसतं वंगण नसतं. इंजिनाचा जोर चाकाकडं नेणारं तेच, आतल्या क्लचप्लेटा दाबून धरणारा दाब त्याचाच, घर्षण किती ठेवायचं हे त्यातली रसायनं ठरवतात, आणि उष्णता बाहेर नेऊन रेडिएटरपाशी टाकायचं कामही त्याचंच. त्यामुळं ते तेल म्हणजे गिअरबॉक्सचा एक सुटा भागच समजून मी तपासणार आहे.

५ फेब्रुवारी

तीन ठिकाणी विचारलं. तिसऱ्या गेटजवळच्या गॅरेजात सांगितलं, “चाळीस हजाराला बदलायलाच पाहिजे, विषय संपला.” एका शोरूमच्या सर्व्हिस काउंटरवर सांगितलं की ते आयुष्यभराचं असतं, हात लावायचा नाही. वडगावच्या मेस्त्रींनी तिसरंच सांगितलं: “जुन्या बॉक्सचं तेल काढू नका दादा. काढलं की बॉक्स बसतंय. मी बघितलंय की.”

मेस्त्रींनी बघितलंय हे खरंच असणार. बहुतेक लोक तेलाकडं कधी वळतात? गाडी घसरायला लागल्यावर, म्हणजे ॲक्सिलेटर दाबला की इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची हलेना झाल्यावर. तोवर क्लचप्लेटांचं घर्षणाचं अस्तर झिजून तेलात मिसळलेलं असतं. नवं तेल घातल्यानं ते अस्तर परत येत नाही. बॉक्स चार दिवसांनी बसतो आणि नाव तेलाचं निघतं. मरणाऱ्या बॉक्सला तेल पाजून उपयोग नाही, हा त्यातला खरा धडा. चांगल्या बॉक्सचं तेल बदलू नये, असं त्यातून निघत नाही.

‘आयुष्यभर’ हेही तपासून घेण्यासारखं आहे. गाडीच्या मॅन्युअलमध्ये, म्हणजे माहितीपुस्तिकेत, देखभालीची दोन वेळापत्रकं असतात: एक साध्या वापराचं, एक कठीण वापराचं. धूळ, ऊन, थांबत थांबत चालणारी वाहतूक, घाट हे सगळं कठीण वापरात येतं. कोल्हापूर-बेळगाव-गोवा पट्ट्यात राहून साध्या वापराचं वेळापत्रक कुणाला लागू पडत असेल, असं मला वाटत नाही.

तेव्हा किलोमीटरवरून ठरवायचं नाही. कागद, तेल आणि गाडीची चाल, तिघांची साक्ष काढायची.

९ फेब्रुवारी

आदल्या रात्री गुरुजींना फोन केला होता: “सर, सकाळी गाडी चालू करू नका, आम्ही आल्यावरच करूया.” गरम गाडी पुष्कळ दोष लपवते. थंड तेल घट्ट असतं, सील आखडलेले असतात, गिअर धरायला लागणारा उशीर त्याच वेळी दिसतो. पोहोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवला. गार होतं. गुरुजींनी शब्द पाळला होता.

चालू केली, आरपीएम खाली येऊ दिला, ब्रेक दाबून लिव्हर एन (न्यूट्रल) वरून डी (पुढं चालायचा गिअर). एका सेकंदाच्या आत धरला. परत एन, मग आर (रिव्हर्स). धरला लगेच, खरं धडकन. पूर्ण गाडी हलली.

मामांनी बरोबर आणलेला ओळखीचा फिटर तिथंच म्हणाला, “बॉक्स गेलाय.” मी बॉनेट उघडून पुढं उभा राहिलो आणि भावाला ब्रेक घट्ट दाबून डी-आर-डी करायला सांगितलं. आर पडला की इंजिन मागच्या बाजूला चांगलं बोटभर उचलून खाली आपटत होतं. टॉर्च मारला तर बॉक्सच्या बाजूच्या माउंटिंगचं, म्हणजे इंजिन-बॉक्सला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणाऱ्या टेकूचं, रबर मधोमध फाटलेलं. धक्का तिथून येत होता. माउंटिंग ही किरकोळ वस्तू, तासाभराचं काम. याच धक्क्यावरून किती चांगल्या गाड्या ‘बॉक्स गेला’ म्हणून परत गेल्या असतील, कोण जाणे. फिटरनं वाकून रबर बघितलं आणि मान डोलावली.

मग गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावला. कोड एकही नव्हता. एवढ्यावर समाधान मानू नये, कारण कोड पुसून गाडी दाखवणारे पुष्कळ आहेत. कोड पुसल्यापासून गाडी किती चालली, हा आकडाही ओबीडीत, म्हणजे गाडीच्या त्याच तपासणी यंत्रणेत, मिळतो. तो बघितला, चांगला मोठा होता. अलीकडं कुणी काही पुसलेलं नाही. गिअरबॉक्सचे कोड बहुतेक पी०७ नं सुरू होतात. पी०७०० आला तर बॉक्सच्या मेंदूला काही सांगायचंय. पी०७३० म्हणजे गिअरचं प्रमाण जुळत नाही. पी०७४१ म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक (इंजिन आणि बॉक्स थेट जोडणारा) धरत नाही. कुठलीही ऑटोमॅटिक बघायला जाताना एवढे तीन जरी वहीत लिहून नेले तरी उपयोगी पडतात.

नंतर पुणे-बेंगळुरू रस्त्यावर कागलच्या बाजूला नेऊन आणली. गिअर वेळेवर पडतात, आरपीएम उगाच चढत नाही. ओव्हरड्राइव्ह (सगळ्यात वरचा गिअर) बंद-चालू करून बघितला, ठीक. एकच गोष्ट खटकली: ६० च्या आसपास, ॲक्सिलेटर हलका ठेवला की क्षणभर बारीक थरथर, टोलनाक्याआधीच्या पट्ट्यांवरून गेल्यासारखी. पाय जरा दाबला की गायब. टॉर्क कन्व्हर्टर लॉक व्हायचा तोच वेग. तेलातल्या घर्षण सांभाळणाऱ्या रसायनांचा दम संपत आला किंवा तेल चुकीचं असलं की ही थरथर येते. कन्व्हर्टरच खराब असला तरी येते. दोन्ही शक्यता वहीत लिहिल्या.

आता तेल. गाडी पुरती गरम झालेली, जागा सपाट, इंजिन चालू, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर सगळ्या गिअरांतून फिरवून पी (पार्किंग) मध्ये. डिपस्टिक काढून पुसली, परत घालून काढली. पातळी गरम खुणेच्या खालच्या रेघेला टेकलेली. एक थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाकला आणि तसाच सपाट ठेवला. दहा मिनिटांत थेंब पसरला: मध्ये विटकरी-तपकिरी ठिपका, कडेला फिकट गुलाबी कडं, काळे कण नाहीत. वास घेतला. जळका नव्हता, जुन्या तेलाचा होता. दुधाळ गुलाबीपणा कुठंच नाही, म्हणजे रेडिएटरमधल्या कुलरमधून पाणी आत शिरलेलं नाही. तो रंग दिसला असता तर मी तिथूनच घरी आलो असतो.

नुसत्या रंगावरून निकाल द्यायचा मोह होतो. नवं तेल लालभडक असतं आणि हे तपकिरी, म्हणून खराब, असं सरळ होत नाही. काही तेलं लवकर गडद होतात आणि तरी काम नीट करतात. जळका वास आणि टिश्यूवर मध्येच साचून राहणारी काळी भुकटी, या दोन गोष्टी मात्र खोटं बोलत नाहीत. इथं दोन्ही नव्हत्या.

१० फेब्रुवारी

निकाल कागदानं दिला.

गुरुजींनी बिलांची फाइल दिली होती, वर्षवार लावलेली, पंच केलेली. रात्री जेवण झाल्यावर बाबा आणि मी एकेक पान बघत बसलो. सर्व्हिसच्या बिलांवर ‘ए/टी ऑईल तपासले’ एवढंच, बदलल्याची नोंद कुठंच नाही. आणि मग २०२२ च्या जूनमधली स्पेअर पार्टच्या दुकानाची हातानं लिहिलेली छोटी पावती: ‘डेक्सरॉन-३, १ लि.’ डेक्सरॉन-३ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचा एक जुना दर्जा.

बाबांनी विचारलं, “हे पॉवर स्टिअरिंगचं असणार की?” पुष्कळ गाड्यांत तसं असतं, डेक्सरॉन-३ पॉवर स्टिअरिंगमध्ये घालतात. पण एर्टिगाचं स्टिअरिंग विजेवर चालतं, त्यात तेलच नाही. त्या लिटरला जायला दुसरी जागाच नव्हती, ते गिअरबॉक्समध्येच गेलं.

सकाळी गुरुजींना विचारलं. “हो, खाली थोडं ओघळत होतं, गल्लीतल्या गॅरेजवाल्यानं वरून घातलं,” त्यांनी सरळ सांगितलं.

यातून दोन गोष्टी निघाल्या. इंजिन ऑईल थोडंफार जळतं, गिअरबॉक्सचं तेल जळत नाही. ते कमी झालं म्हणजे कुठून तरी बाहेर पडलं, आणि ती गळती शोधायची राहिलीय; कालची खालच्या रेघेची पातळीही तेच सांगते. दुसरं म्हणजे आत आता मिश्रण आहे. मॅन्युअलमध्ये या बॉक्ससाठी छापलेलं नाव डेक्सरॉन-३ नाही. डेक्सरॉन-३ चे परवाने खुद्द जनरल मोटर्सनं २००६ च्या अखेरीस देणं थांबवलं. त्यानंतर डब्यावर ते नाव छापलेलं असलं तरी ते कुणी तपासून दिलेलं नाही. लिटरभर वेगळ्या तेलानं बॉक्स लगेच मरत नाही. पण जाडी आणि घर्षणाचा गुण बदलतो, आणि ६० ला येणाऱ्या थरथरीचं ते सरळ कारण असू शकतं.

निर्णय: तेल बदलायचं. किलोमीटर झाले म्हणून नव्हे, रंगासाठीही नव्हे. आत काय आहे ते कुणालाच सांगता येत नाही, म्हणून.

गाडी घ्यायची का? घ्यायची. गिअर घसरत नाही, जळका वास नाही, कोड नाही. माउंटिंग, सील आणि तेल यांचा खर्च किमतीतून कमी करायला गुरुजी तयार झाले.

१५ फेब्रुवारी

गाडी घरी. येताना निपाणीच्या पुढं तवंदी घाटात मुद्दाम ट्रकमागं हळू ठेवली. चढावर सारखा गिअर बदलत राहिला तर उष्णता वाढते, म्हणून ओव्हरड्राइव्ह बंद करून चढवली. तेलाचं आयुष्य खातं ते तापमानच. सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या वर दर दहा अंशाला तेलाचं आयुष्य निम्मं होतं, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. संकेश्वरपर्यंत थरथर दोनतीनदा जाणवली, गरम झाल्यावर जास्त.

कोल्हापूर आरटीओचं ना हरकत पत्र यायचंय. मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर नोंदणी बदलावी लागते. कर्नाटकाचा रस्ता कर भरून केए २२ (बेळगावची नोंदणी) करायची आहे. त्याची फाइल वेगळी.

१ मार्च

वडगावच्या मेस्त्रींकडंच नेली. तेल काढू नका म्हणणाऱ्याच माणसाकडं का, असं भावानं विचारलं. कारण मेस्त्रींचा हात स्वच्छ आहे आणि ते ऐकून घेतात. टिश्यू आणि पावती दाखवली, तेव्हा म्हणाले, “ही घसरत नाही न्हवं? मग करूया की.”

मशिन लावून फ्लश करायचा नाही, हे आधीच ठरवलं होतं. खालचा बोल्ट काढून निघेल तेवढं तेल काढायचं आणि तेवढंच नवं भरायचं. अशानं सगळं तेल निघत नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, कुलरमध्ये आणि आतल्या वाटांमध्ये निम्म्याहून जास्त अडकून राहतं. पण दाबानं ढकललेला जुना गाळ व्हॉल्व्ह बॉडीच्या (तेलाचा दाब वाटून देणाऱ्या भागाच्या) बारीक भोकांत जाऊन बसण्यापेक्षा हे बरं.

रॅम्पवर चढवल्यावर गळती सापडली: उजव्या ॲक्सलचं ऑईल सील. बॉक्सवर धूळ बसून काळा चिकट थर झाला होता आणि त्यातून एक ताजी ओली रेघ. ॲक्सल काढताना तेल तसंही सांडतं, म्हणून सील आणि तेल एकाच वेळी केलं. माउंटिंगही बदललं.

निचरा मोजपात्रात घेतला. गार झाल्यावर अडीच लिटर भरला, सीलमधून सांडलेलं धरून थोडा जास्त. उजेडात धरला तर गडद चहासारखा, पण पलीकडचं दिसत होतं.

त्यानंतर पॅन काढला, आणि या सगळ्या कामात मला सगळ्यात जास्त बघायचं होतं ते हेच. पॅनमध्ये लोहचुंबक बसवलेले असतात. मी दिवसभर मशिन शॉपमध्ये क्वालिटीला असतो, धातूची भुकटी रोज हाताखालून जाते. चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप होता, लोण्यासारखा बोटाला लागणारा. अंगठा आणि तर्जनीत चोळला: खर नाही, टोचत नाही. हे पोलादाचं बारीक पीठ, इतक्या वर्षांच्या नेहमीच्या झिजेचं. चमकणारे पापुद्रे किंवा टोकदार कण असते तर गिअर किंवा बेअरिंग तुटतंय असं समजायचं. चुंबकाला न चिकटणारी पितळी चकाकी दिसली तर बुश गेले. आणि काळी काजळी तळाला साचली असती तर क्लचप्लेटांचं अस्तर. तळ पुसला, चिंधी फक्त तपकिरी झाली.

मेस्त्री माझ्या खांद्यावरून बघत होते. “बॉक्स चांगलं आहे दादा,” ते म्हणाले.

गाळणी बदलली, चुंबक पुसून परत बसवले, पॅनला नवं गॅस्केट, ड्रेन बोल्टला नवं वॉशर. मॅन्युअलमध्ये छापलेल्या नावाचंच तेल अधिकृत काउंटरवरून सीलबंद आणलं होतं. निघालं तेवढं भरलं, त्यात पातळी कमी होती ते धरून थोडं वर. गरम करून, लिव्हर फिरवून, डिपस्टिक बघून पातळी गरम खुणेच्या दोन रेघांच्या मध्ये आणली. जास्त भरणंही वाईट. फिरणारे भाग तेलाला फेस आणतात आणि फेसाला दाब नसतो.

काढलेलं तेल कॅनमध्ये भरून मेस्त्रींच्या पिंपात जमा केलं. वापरलेलं तेल हा नियमानं घातक कचरा आहे. मेस्त्री ते रिसायकलवाल्याला देतात, गटारात सोडत नाहीत. हेही एक कारण त्यांच्याकडं जायचं.

आर चा धक्का गेला. तो माउंटिंगचाच होता.

१६ मार्च

पंधरवडा खानापूर-बेळगाव चालवून दुसरा निचरा केला. हिशेब साधा आहे: एका वेळी ४० टक्के बदलतं असं धरलं तर पहिल्यानंतर आत ४० टक्के नवं, दुसऱ्यानंतर ६४, तिसऱ्यानंतर ७८. पुढं प्रत्येक डब्याचा फायदा कमी कमी होत जातो. आजचा निचरा पहिल्यापेक्षा स्पष्ट लालसर होता. सील कोरडं.

थरथर पहिल्या बदलानंतर अर्ध्यावर आली होती. आज दुसरा बदल करून हिंडलगा रस्त्यानं ६० वर पुन्हा पुन्हा आणून बघितलं, आली नाही. एका फेरीवर मी विश्वास ठेवणार नाही.

२१ मार्च

शेजारच्या काकांनी त्यांच्या सेलेरिओसाठी हेच तेल आणू का विचारलं. नको म्हटलं. त्यांची एएमटी आहे. त्यात साधं गिअर ऑईल, गिअर टाकणाऱ्या यंत्राचं हायड्रॉलिक तेल वेगळं, आणि क्लचप्लेट मॅन्युअलसारखीच झिजते. त्यांनी तेलाआधी क्लच तपासून घ्यावा. भाचीच्या होंडात सीव्हीटी आहे, तिला एचसीएफ-२ च, म्हणजे होंडाचं सीव्हीटीसाठीचं तेल. त्यात हे लाल तेल गेलं तर पट्टा घसरून पुल्यांवर ओरखडे पडतील.

३० मार्च

पाडवा. सकाळी गुढी उभारून, जेवण लवकर आटपून बाबांना घेऊन जांबोटीवरून कणकुंबीला निघालो. मलप्रभेच्या उगमाशी देवदर्शन झालं, मग तसंच पुढं चोर्ला घाटात थोडं खाली उतरून परत वर. बाबाच चालवत होते. उतारावर त्यांनी लिव्हर २ वर घेतला, ब्रेक जपले. चढावर ऊन, चार माणसं, एसी चालू. याहून कडक परीक्षा या गाडीला आमच्याकडून होणार नाही. वर येऊन सपाटीला ६० धरला, पाय हलका केला. थरथर नाही. परत केला. नाही.

म्हणजे कन्व्हर्टर शाबूत आहे, दोष तेलाचा होता. बाबांनी विचारलं, “मग तिसऱ्यांदा बदलायचं?” आत्ता नको. ६४ टक्के नवं तेल आत आहे, लक्षण गेलंय, गळती बंद आहे. पावसाळ्यानंतर टिश्यूवर थेंब टाकून बघायचा. कडं गुलाबी आणि मधला भाग लालसर असेल तर पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं, तपकिरी झाला असेल तर तिसरा निचरा.

बॉनेटच्या आत पत्र्यावर चिकटपट्टी लावलीय. तेलाचं पूर्ण नाव, तारीख, किलोमीटर, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘डेक्सरॉन घालू नये’. पाटी कन्नडमध्येही लिहून घेतली, कारण गाडी पुढं धारवाडकडं कुठं बंद पडली तर तिथल्या मेस्त्रीलाही वाचता आली पाहिजे. एप्रिलमध्ये केए २२ ची फाइल आरटीओत द्यायची. त्या आधी एकदा रॅम्पवर चढवून सील बघायचं.